पाण्यात कडेला घेता येत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



टेंभुर्णी म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना रस्ता आठवेल. पुणे-सोलापूर महामार्ग, चहासाठी थांबलेली एसटी, उसानं भरलेले ट्रॅक्टर, पंढरपूरकडे, अकलूजकडे, कुर्डुवाडीकडे आणि करमाळ्याकडे फुटणारे फाटे. असं हे रस्त्यांचं गाव. इथं माझं इंजिन आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं छोटं वर्कशॉप आहे. अशा गावातला माणूस होडीवर बोलायला बसलाय, याचं तुम्हाला नवल वाटणं साहजिक आहे. पण आमच्या गावापासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटं गेलं की रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. ते पाणी म्हणजे उजनी.

भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. म्हणून तर आमच्याकडे उन्हाळ्यात 'धरण उणे तीस टक्क्यांवर गेलं' अशी बातमी येते. बाहेरच्या माणसाला कळत नाही की शून्याच्या खाली धरण जातं कसं. उपयुक्त साठा संपला तरी खाली पाणी असतंच, आणि त्या पाण्यावर होड्या चालूच असतात.

मला मुळात सांगायचंय ते हे की हे पाणी नवीन आहे. कोकणातल्या माणसाला समुद्र पणजोबाकडून मिळालेला असतो. वारा कुठून येतो, होडी कधी काढायची, कधी ओढून ठेवायची, हे त्याच्या घरात बोललं जातं. आमचं तसं नाही. माझ्या वडिलांनी उन्हाळ्यात भीमा पायी ओलांडलेली. भोई समाजाची माणसं नदी ओळखून होती, पंढरपूरला चंद्रभागेत होड्या चालवणारे कोळी बांधव ओळखून होते. पण नदी वेगळी आणि हा जलाशय वेगळा. नदीत वाऱ्याला आडोसा असतो. इथं वाऱ्याला धावायला मैलोन्‌मैल मैदान मिळतं, आणि जितका लांब तो पाण्यावरून धावेल तितकी लाट उभी राहते. ती समुद्रासारखी लांब, संथ नसते. आखूड, उभी आणि एकामागे एक अशी येते. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. शेतकरी माणसाच्या दारात एक दिवस समुद्र आणून ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो त्यात होडी घालायला लागला.

माझ्याकडे होडी आली ती धंद्याच्या निमित्तानं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तसे शेतकरी आपल्या मोटारी आणि पाइप पुढे सरकवत नेतात. मोटार बिघडली की मला बोलावणं येतं, आणि मोटार असते चिखलाच्या पलीकडे. दर वेळी दुसऱ्याच्या होडीची वाट पाहत काठावर बसायचं, हे काही जमेना. म्हणून २०१६ साली एक जुनी फायबरची होडी घेतली. सोळा फुटांची, मागे लावायचं आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन वल्ही आणि एक नांगर. परवानगीचं काम रीतसर केलं. निळा रंग चकाकत होता. मी मनात म्हटलं, इंजिनवाल्याला होडी सांभाळणं काय अवघड!

श्रोतेहो, होडीची पहिली फसवणूक रंगात असते. मागच्या बाजूला जिथं इंजिन अडकवतात तिथं फायबरच्या आत लाकडाची जाड फळी असते. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. पण स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब पाणी आत जातं आणि फळी आतून कुजते. मी स्क्रू काढला तर त्याच्याबरोबर ओल्या भुशासारखा चुरा बाहेर आला. आठ हॉर्सपॉवरचं इंजिन, सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं धूड, त्या चुऱ्यावर लटकत होतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. फायबरच्या होडीला पुढच्या आणि मागच्या टोकाला बंद कप्पे असतात. त्यांत हवा असते. होडी पाण्यानं भरली तरी ती बुडू नये, निदान धरून राहता यावं, यासाठी ते असतात. आधीच्या मालकानं पुढच्या कप्प्याला चौकोनी तोंड पाडून त्यात जाळी ठेवायची सोय केली होती. मला ती सोय फार आवडली. मी त्यात जेवणाचा डबा आणि पाने ठेवायला लागलो. आपण होडीचा जीव कापून त्याचं कपाट केलंय, हे मला दोन वर्षं कळलं नाही.

कळलं ते २०१८ च्या उन्हाळ्यात. एका शेतकऱ्याची मोटार सुरू करून दुपारी साडेतीनला परत निघालो होतो. पाण्याच्या मधोमध इंजिन एकदम मोठ्यानं ओरडलं आणि होडी जागेवर थांबली. इंजिन चालू, पण पंखा फिरेना. माझ्या लगेच लक्षात आलं. पंख्याच्या दांड्याला एक बारीक पिन असते. पंखा कशावर आपटला तर आतले दाते तुटू नयेत म्हणून ती मुद्दाम आधी तुटते. आमच्या पाण्याखाली जुनी गावं आहेत, विहिरींची तोंडं आहेत, बाभळींची खोडं आहेत. अशाच एखाद्या खोडाला पंखा लागला असणार. पिन असते काही रुपयांची, आणि माझ्या वर्कशॉपमध्ये अशा मुठीभर पडलेल्या. होडीत एकही नव्हती.

तेवढ्यात पश्चिमेकडे धुळीचा पडदा उठला. वळवाचा वारा. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस कडेला घेतो, बोनेट उघडतो, बिडी पेटवतो. पाण्यात कडेला घेता येत नाही. होडी आडवी झाली आणि लाट काठावरून आत यायला लागली. घोट्याइतकं पाणी झालं. आणि तेव्हा मला समजलं की आतलं पाणी हे बाहेरच्यापेक्षा वाईट. होडी डावीकडे कलली की ते सगळं डावीकडे धावतं आणि होडीला आणखी कलवतं. लाइफ जॅकेट होतं की! मी ते बसायला घेतलं होतं.

दोन होड्या काठाकडे चालल्या होत्या. त्यांतली एक वळली. साठीच्या आसपासचे एक मच्छीमार होते. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेव्हापासून तसंच म्हणतो. त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "उभं राहू नका! खाली बसा, बुडावर बसा!" मग दोर फेकला, माझ्या होडीचं तोंड लाटेकडे फिरवलं आणि हळूहळू ओढत नेलं. काठाला लागल्यावर पाऊस सुरू झाला. मी हात जोडले. ते म्हणाले, "टेंबुर्णीचे इंजिनवाले न्हवं तुमी? मग एक पिन ठिवता येत न्हाय व्हय जवळ?"

श्रोतेहो, तो प्रश्न मला आयुष्यभर पुरला.

त्यानंतर मी होडीची निगा मामांकडून शिकलो आणि इंजिनाची निगा त्यांना शिकवली. इंजिनाचं सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. माझ्या इंजिनाला लिटरला २० मिली. अंदाजे धार सोडून चालत नाही, माप लागतं. इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. ती बंद झाली तर आतला रबरी पंखा गेला किंवा तोंडाशी जलपर्णी अडकली असं समजायचं आणि लगेच इंजिन बंद करायचं. नाहीतर ते गरम होऊन जाम होतं. खालच्या गिअरचं ऑईल काढून बघायचं. ताकासारखं पांढरं दिसलं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं. पंख्याच्या दांड्यावर तुटक्या जाळीचा नायलॉनचा दोरा गुंडाळला जातो. तोच सील कापतो. महिन्यातून एकदा पंखा काढून तो दोरा सोडवायचा. पाच मिनिटांचं काम.

फायबरला तडा गेला तर त्यावर नुसतं रेझिन फासून उपयोग नसतो. होडी आधी पूर्ण वाळवायची. तडा घासून रुंद करायचा, आजूबाजूचा चार बोटं भाग खडबडीत करायचा, मग मॅटचे थर एकावर एक बसवायचे. आणि हे काम पहाटे करायचं. आमच्याकडे मे महिन्यात दहा वाजता रेझिनमध्ये हार्डनर टाकला की ब्रश बुडवेपर्यंत मग्ग्यातच त्याचा दगड होतो. मी असे तीन मग्गे वाया घालवले आहेत.

पुढच्या कप्प्याचं तोंड मी बुजवलं. त्याआधी त्यात झाकणं घट्ट केलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन भरले. हिशोब सोपा आहे. वीस लिटरचा बंद कॅन पाण्याखाली गेला की वीस किलोला वर उचलतो. इंजिनाचं वजन पेलायला असे दोन पुरतात. उरलेले माणसांसाठी.

होडी सांभाळणारा माणूस आणि होडी चालवणारा माणूस वेगळे असून चालत नाहीत. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ती ५६ फुटी बोट गोव्यात बांधली गेली, आणि ती बांधली जात असताना ते स्वतः त्या कामात होते. मुंबईहून निघून मुंबईला परत येईपर्यंत वाटेत चारच थांबे. दोन थांब्यांच्या मध्ये काही मोडलं तर मेकॅनिक कुठून येणार? ज्यानं बोट आतून पाहिलीय त्यालाच ती समुद्रात दुरुस्त करता येते. आमची उजनी कुठं आणि तो महासागर कुठं! पण पिन तुटली की दोन्हीकडं माणूस एकटाच असतो.

आता मी ज्या प्रसंगाकडे येतोय तो तुम्हाला ठाऊक असेल. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत लहान मुलं होती. बाहेरची माणसं विचारतात, होडीनं गेलेच कशाला? तर समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्यानं जायचं म्हणजे मोठा वळसा. धरणाच्या आधी जिथून माणूस नदी ओलांडून सोयरिकीला जायचा, तिथं आता पाण्याचा पट आहे. सोयरिकी तशाच राहिल्या, वाट बुडाली.

त्या होडीचं नेमकं काय झालं यावर मी बोलणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षांपूर्वीचा माझ्या बुडाखालचा तो जॅकेट डोळ्यांसमोर येत होता. मामांना दोर टाकायला दहा मिनिटं उशीर झाला असता तर माझी बातमी झाली असती, आणि लोक म्हणाले असते, "वाऱ्यानं घात केला." वाऱ्याचा हिशोब वेगळा. माझी पिन, माझा कप्पा आणि माझं जॅकेट यांचा हिशोब माझाच होता.

तेव्हा मनात आलं की या पाण्यावर आपल्यासारखे किती जण होडी घालतात आणि ती कशी सांभाळतात, हे एकदा बघावं. २०२५ च्या फेब्रुवारीत मी आणि मामा माझ्या होडीतून निघालो. कंदरच्या बाजूनं वर वर, भिगवणच्या अंगाला कुंभारगावापर्यंत आणि परत. चार दिवस. बरोबर पेट्रोलचे कॅन, तांदूळ, पीठ, मामांचं जाळं, माझी पेटी आणि पेटीत पाच पिना. घरी बायको म्हणाली, "महाबळेश्वरला जायचं सोडून उजनीत कोण फिरायला जातं?"

पहिला मुक्काम वांगीच्या अंगाला, काठावरच्या मच्छीमारांच्या खोपीपाशी पडला. एक नवरा-बायको होते. रात्री चिलापीचं कालवण झालं. सकाळी मी उठलो तर मावशी होडीपाशी. त्यांनी होडीतलं पाणी डब्यानं उपसलं, फडक्यानं बूड कोरडं केलं आणि नुसत्या बघत बसल्या. मी विचारलं, काय बघता? म्हणाल्या, "कुठनं घाम फुटतोय ते." कोरड्या बुडावर पहिला ओला ठिपका जिथं उमटतो तिथं गळती. तिथं खडूनं खूण करायची, संध्याकाळी होडी ओढल्यावर बुजवायची. आणि तरीही सापडलं नाही तर उलटं करायचं. होडी काठावर घेऊन तिच्यातच पाणी भरायचं आणि बाहेरून थेंब कुठून पडतो ते बघायचं. मी आजवर गळती शोधायला सगळं बूड घासत बसायचो. त्यांच्या होडीत एक डबा दोरीनं बांधलेला होता. सुटा का नाही ठेवत? तर म्हणाल्या, "पानी भरल्यावं पयला डबाच वाहून जातुया, दादा." माझ्या होडीतला डबा सुटाच होता. मी तिथंच त्याला दोरी लावली.

दुसऱ्या दिवशी कुगावच्या काठाला एक आबा भेटले. एकेकाळी माणसं, दुचाक्या, दुधाचे कॅन असं सगळं पलीकडे नेत असत. आता हात चालत नाही. त्यांची जुनी होडी काठावर पालथी होती. तिच्या बाहेरच्या अंगाला काठाखाली चार-पाच बोटांवर लाल पट्टा रंगवलेला. मी विचारलं, हा नवसाचा का? आबा हसले. म्हणाले, "पट्टा पान्यात गेला की होडी भरली. मग पाटील येऊ द्या न्हायतर पाव्हणा येऊ द्या, खाली उतरायचं."

श्रोतेहो, मी चकित झालो. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसोल नावाचे खासदार होऊन गेले. मालक लोक जहाजं गच्च भरायचे, विमा उतरवायचे आणि खलाशी बुडायचे. प्लिमसोल त्याविरुद्ध पार्लमेंटात भांडले, आणि १८७६ साली कायदा होऊन जहाजांवर भाराची रेघ काढणं सक्तीचं झालं. आज जगातल्या प्रत्येक मालवाहू जहाजाच्या अंगावर ती रेघ असते. आबांना प्लिमसोल माहीत नव्हते. त्यांनी आपल्या होडीपुरता तोच कायदा डब्यातल्या उरलेल्या रंगानं केला होता.

वाऱ्याविषयी विचारलं तर म्हणाले, एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर लांबचा पल्ला घेऊ नये. भरदुपारी वारा एकदम पडला आणि पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं तर खूश होऊ नये, पश्चिमेकडे बघावं. आणि मग एक वाक्य बोलले ते मी वहीत लिहून ठेवलंय. म्हणाले, "वल्हं कुनीबी शिकतं. न्हाय म्हनायला शिकला तो होडीवाला." काठावर माणूस खोळंबलेला असतो. कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना. तो म्हणतो, चला हो, काही होत नाही. त्याला 'आज नाही' म्हणणं आबांना सगळ्यात जड गेलं. लोक रागावले, दुसऱ्याच्या होडीत बसले. "पर माझ्या होडीतनं उतरून सगळी घरी गेली," एवढं बोलून ते गप्प झाले. समोर ते पाणी होतं. मीही पुढं काही विचारलं नाही.

पळसदेवच्या पाण्यावरून जाताना मामांनी हात जोडले. पळसनाथाचं जुनं देऊळ तिथं पाण्यात आहे. पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं आणि माणसं दर्शनाला जातात. त्या भागात मामांनी होडी काठापासून लांबून घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, काठाला मोटारी आहेत. माझाच धंदा, पण माझ्या ध्यानात नव्हतं. काठाकाठानं विजेच्या केबल पाण्यात उतरलेल्या असतात. कुठं जोड उघडा, कुठं केबल पंख्यात येईल इतकी वर. एका ठिकाणी पत्र्याच्या चिमुकल्या होडीतून एक शेतकरी मोटारीकडे चालला होता. मी त्याची केबल पाहिली, काठावर जाऊन स्विच पाडायला लावला आणि उघडा जोड नीट गुंडाळून दिला. त्यानं मजुरी विचारली. मामा म्हणाले, "हुरडा हाय का?" मग काय, ज्वारीच्या कडेला आगटी पेटली आणि दीड तास तिथंच गेला. रस्त्यावर ओळख नसलेल्या माणसाला कोणी हुरडा खायला थांबवत नाही. पाण्यावर समोरून होडी आली की हात वर जातो, इंजिन मंद होतं, "कुठल्या गावचं?" हा प्रश्न येतो. कारण दोघांनाही आतून माहीत असतं की संध्याकाळी दोर टाकायची वेळ आली तर हाच येणार आहे.

तिसऱ्या दिवशी कुंभारगावला पोचलो. तिथं मच्छीमारांची तरुण मुलं पाहुण्यांना पक्षी दाखवायला होडीतून नेतात. रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे असतात. तिथं इंजिन बंद करून लांब बांबूनं होडी ढकलत न्यायची असते. नाहीतर पक्षी उडतात आणि पंखा चिखलात रुततो. एका मुलाची शिस्त मला फार आवडली. पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. बाई म्हणाल्या, जॅकेटमुळे फोटो चांगला येत नाही. तो नम्रपणे म्हणाला, "ताई, आधी जॅकेट, मग होडी, मग फोटो." काठावरच सगळ्यांचे पट्टे त्यानं स्वतः ओढून पाहिले, लहान मुलाला लहान मापाचं दिलं आणि मगच होडीत पाय ठेवू दिला.

नंतर त्यानं मला त्याची जॅकेटं दाखवली. ओली झाली की सावलीत दोरीवर वाळवतो, उन्हात नाही. उन्हानं कापड आणि पट्टे कुजतात. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला एकेक अंगात घालून कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून बघतो. जे नीट तोलून धरत नाही ते बाद. आणि त्यावर कोणालाही बसू देत नाही, कारण दाबून दाबून आतला फोम मरतो. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला. फेब्रुवारीचा वारा, वळवाचा नव्हे, पण पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले होते. अजून एक रुंद पट्टा ओलांडायचा होता. इंजिन उत्तम चालत होतं, होडी कोरडी होती, जॅकेटं अंगावर होती, पिना पेटीत होत्या. जाता आलं असतं. मी मामांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मी होडी काठाला घेतली, नांगर टाकला आणि एका बाभळीखाली आम्ही अडीच तास बसून राहिलो. घरून फोन आला, "कुठपर्यंत आलात?" म्हटलं, "बसलोय." "काय झालं?" म्हटलं, "काही नाही झालं." अंधार पडायच्या आत वारा निवला आणि आम्ही घरच्या काठाला लागलो.

श्रोतेहो, मी चाळीस वर्षं दुरुस्ती करतोय. दुरुस्तीला लोक पैसे देतात, कारण ती दिसते. निगा दिसत नाही. बांधलेला डबा, वाळवलेलं जॅकेट, पेटीतली पिन, वाऱ्यात न काढलेली होडी यांची कधी बातमी होत नाही. त्यामुळे ही गोष्ट आपोआप पुढच्या पिढीला कळत नाही. ती सांगावी लागते. कोकणात ती सांगायला चारशे वर्षं मिळाली. आमच्या पाण्याला अजून पन्नासही झाली नाहीत. कुगावच्या आबांचं ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ नये, वांगीच्या मावशींची युक्ती खोपीतच राहू नये, असं मला वाटतं. आमच्या काठच्या गावांतल्या शाळांत पोरांना पोहायला शिकवा, जॅकेट कसं बांधायचं ते शिकवा, वारा पडल्यावर कुठं बघायचं ते शिकवा. भूगोलाच्या तासाला उजनीचे टीएमसी पाठ करून घेतो, त्याच तासाला हेही बसेल.

या पाण्यावर शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झालेला आहे. तो झाला की वळसा वाचेल, पुष्कळ माणसं होडीत बसायची थांबतील आणि ते चांगलंच होईल. पण मच्छीमार राहतील, मोटारीकडे जाणारा शेतकरी राहील, पक्षी बघायला येणारे पाहुणे राहतील. होड्या राहणार आहेत.

परत आल्यावर मी दोन कामं केली. एक, होडीच्या अंगावर लाल पट्टा रंगवला. दुसरं, वर्कशॉपच्या दारात एक डबा ठेवलाय, त्यात पंख्याच्या पिना असतात. काठाकडे जाणारा कुणीही होडीवाला त्यातून आपल्या मापाची एक घेऊन जाऊ शकतो. पैसे नाहीत. फक्त ती खिशात न ठेवता होडीत ठेवायची, एवढी अट आहे.